चुलीचा फ्यूज

आमच्या घरात फ्यूज गेला की अजूनही सगळे माझ्याकडेच बघतात. हे खुर्चीतून उठत नाहीत. मुलं नुसती "आई" म्हणून हाक मारतात. मी हातातलं काम बाजूला ठेवते, हात पदराला कोरडे पुसते, पायाखाली लाकडी पाट घेते आणि बाहेरच्या सोप्यातल्या फळीवरचा मेनचा खटका खाली ओढते. ओढताना मनात एक वाक्य म्हणते. ते वाक्य माझं नाही, अण्णाप्पा मिस्तरींचं आहे.

"हात कोरडा, पाय पाटावर, मेन खाली. मग देवाचं नाव घ्या न्हायतर माझं!"

हे वाक्य ते इतक्या मोठ्यानं म्हणायचे की नळावर पाणी भरणाऱ्या बायकासुद्धा तिथून म्हणायच्या, "घेतलं वो मिस्तरी, तुमचंच घेतलं!"

आमची गल्ली कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली. मिस्तरींचं घर आमच्या समोर, जरा तिरकं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचा आवाज ऐकून मी आत पळायची. मला वाटायचं रोज कुणाशी तरी भांडण चाललंय. पुढं कळलं की ते नुसते पाणी मागत असतात.

उंच, काटकुळा माणूस. खाकी अर्धी विजार, कमरेला पक्कड, कानावर पेन्सिल. आधी ते सिनेमाच्या स्टुडिओत दिवे लावायच्या कामाला होते. नटनट्यांच्या तोंडावर उजेड कसा पाडायचा हेच त्यांचं काम. कंपन्या एकेक करून मुंबईकडं गेल्या, स्टुडिओतलं काम आटलं, आणि मिस्तरी घराघरांतून विजेच्या तारा ओढायला लागले. पण स्टुडिओ त्यांच्या अंगातून गेला नव्हता. कुणाशी बोलायचं तर आधी एक डोळा मिटून त्या माणसाकडं बघायचे. गल्लीच्या तोंडाशी पानाची टपरी होती. तिथं उभ्या माणसाला खांद्याला धरून सरकवायचे आणि म्हणायचे, "जरा डावीकडं या पावणं. हां, आता नाक बरं दिसतंय." माणूस चिडायचा. मग टपरीच्या आरशात हळूच नाक बघायचा.

लाजणं, नमतं घेणं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. "ह्या कोल्हापुरात माझ्यासारखी बत्ती लावणारा दुसरा हाय का? असला तर आणा की माझ्यासमोर," असं ते भर चौकात म्हणायचे. आणि कुणी आणत नसे, हेही खरं.

त्यांचा एक नियम होता. वायर ओढून झाली, फळीवर मीटर, मेन आणि चिनी मातीचे पांढरे फ्यूज बसले, तरी ते स्वतः कधीच मेन वर करायचे नाहीत. त्या घरातल्या बाईनं पुढं यायचं. मिस्तरींच्या देखत फ्यूज उपसायचा, त्यातली तार काढून नवी घालायची, फ्यूज परत बसवायचा आणि मग आपल्या हातानं मेन वर करायचा. तोपर्यंत घर अंधारात. मालक रागावला तरी अंधारात, लग्न असलं तरी अंधारात.

आणि अर्ध्या पेठेत दिवे लावलेल्या ह्या माणसाच्या स्वतःच्या घरात कंदील होता.

वीज आमच्या गल्लीत पहिल्यांदा आली ती त्यांच्याच घरात. वायर होती, फळी होती, फ्यूज होते, माजघरात दिवासुद्धा टांगलेला होता. फक्त मेन खाली होता. घरात दोनच माणसं, मिस्तरी आणि त्यांची आई. गल्ली तिला आक्का म्हणायची. आक्का मेनला हात लावत नव्हती, आणि मिस्तरी स्वतःचा नियम मोडत नव्हते. टपरीवाला मुद्दाम विचारायचा, "काय मिस्तरी, आज कंदिलात तेल हाय न्हवं?"

"हाय की. तुझ्या डोळ्यात घालू का?"

"आवो, म्हातारी न्हाय म्हणती तर तुमी वर करा. खटका तर हाय."

तेव्हा मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. "आक्का करंल तवाच," म्हणायचे आणि चालायला लागायचे. संध्याकाळी आमच्या उंबऱ्यावरून मला दिसायचे, कंदिलाची काच फडक्यानं पुसत बसलेले.

आमच्या घरी वीज घ्यायची ठरली त्याच वर्षी पावसाळा सरताना मिस्तरी आले. हे कचेरीतून लवकर घरी आले होते. ह्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. एक दिवा सोप्यात, एक दारात, आणि रेडिओला एक जागा.

मिस्तरींनी ते ऐकलंच नाही. एक डोळा मिटून घरभर बघितलं आणि विचारलं, "बाईमाणूस कुठं बसतं?"

"म्हणजे?" हे म्हणाले.

"म्हंजे घरात काम करतं ते माणूस. ते कुठं बसतं?"

"स्वैपाकघरात. पण तिथं चिमणी आहे. चालतंय आमचं."

"तुमचं चालतंय सायेब, पण तुमी तिथं नसता. सोप्यात बसून काय करताय?"

"पेपर वाचतो."

"पेपर उन्हात बी वाचता येतोय. भाकरी अंधारात थापाय लागती पहाटं. चला, चूल दावा."

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. मिस्तरींनी दारातूनच सांगितलं, "आत्याबाई, उठू नका. भाकरी थापताय तशाच बसा." मग वेळूच्या काठीला कंदील बांधला आणि तो वर धरून स्वैपाकघरभर फिरवला. इथं धरला, तिथं धरला, परत मागं आणला. दार लावून घेतलं होतं, त्यामुळं सावल्या भिंतींवरून पळत होत्या.

"काय शोधतुयास रं एवढं?" आत्याबाईंनी विचारलं.

"सावली. दिवा तुमच्या पाठीमागं लावला तर तुमचीच सावली परातीत पडती. मग भाकरी कुठली दिसायची? उजेड डाव्या खांद्यावरनं आला पायजे. नट्यांनाबी असाच द्यायचो. तुमी त्यांच्याहून कमी हाय का?"

आत्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मी त्यांना त्याआधी कधी असं हसताना बघितलं नव्हतं.

फळी बसवताना त्यांनी तीन फ्यूज लावले. सोप्याचा एक, रेडिओचा एक, चुलीचा एक. हे म्हणाले, "एवढे कशाला? एकावर भागतं."

"आणि तुमच्या रेडिओनं फ्यूज उडवला की चुलीवरचा दिवा का म्हणून जायचा? तुमची करमणूक तुमच्या फ्यूजवर, भाकरी भाकरीच्या फ्यूजवर." मग त्यांनी खिशातनं चंदेरी तार काढली. केसाहून जराशी जाड. ती दाराआडून बघणाऱ्या माझ्यापुढं धरली. "वैनी, हिला काय समजायचं ठाव हाय? घरात एखादं माणूस असतंय, जरा काय झालं की आधी रडणारं. सगळे त्याला हसतात. पण त्ये रडतं म्हणून बाकीच्यांना कळतं काहीतरी बिघडलंय. ही तार तशी. हिला जाड करायची न्हाय. जाड तार घातली की ही रडायची बंद होती, आणि मग घर पेटतं."

मी त्या घरात तशीच होते, जरा काय बोललं की डोळ्यांत पाणी. ते ऐकून मला फार बरं वाटलं. कुणाला सांगितलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "लिवाय येतं न्हवं तुमास्नी?"

मी मान हलवली. चौथीपर्यंत शिकलेली होते. त्यांनी पांढऱ्या रंगात बुडवलेली काडी माझ्या हातात दिली. "लिवा मग. कुठला कुणाचा ते." हे बघत होते, आत्याबाई बघत होत्या. मी फ्यूजच्या खाली लाकडावर लिहिलं, "सोपा", "रेडिओ", "चूल". चुलीचा ऊकार लांबून खाली ओघळला. मिस्तरी एक डोळा मिटून म्हणाले, "झकास. आता ही फळी तुमची."

आणि मग तो नियम आला. आत्याबाई म्हणाल्या, "मी न्हाई बाई, हिला शिकव." मी पाटावर उभी राहिले. त्यांनी एकदा करून दाखवलं, मग हात मागं बांधून उभे राहिले. मी तार घालताना स्क्रूच्या उलट्या बाजूनं गुंडाळली.

"काढा."

मी काढली.

"आता स्क्रू ज्या अंगानं आवळतो त्याच अंगानं गुंडाळा. न्हायतर आवळताना तार बाहीर पळती. हां. आता कसं! ओल्या हातानं इथं बोट लावायचं न्हाय. कुणाला लावू द्यायचं न्हाय. सासू असली तरी न्हाय. ऐकाय आलं का? मोठ्यानं म्हणा."

सासूसमोर हे मोठ्यानं कसं म्हणायचं? मी पुटपुटले. ते थांबून राहिले. शेवटी हेच म्हणाले, "म्हण की एकदाचं, अंधार पडायला लागला." मी म्हटलं. मेन वर केला. चुलीवरचा दिवा लागला आणि आत्याबाई परातीत बघून म्हणाल्या, "खरंच की गं, सावली न्हाई."

ह्या नियमापायी त्यांची कामं जायची. शुक्रवार पेठेत एका वकिलांच्या घरी मुलीचं लग्न होतं, म्हणून घाईनं वीज घेतलेली. हळदीच्या दिवशी दुपारी काम संपलं. मिस्तरी म्हणाले, घरातल्या बाईमाणसाला बोलवा. वकील म्हणाले, आमच्या बायका परक्या माणसापुढं येत नाहीत.

"मग दिवा बी येत न्हाय," असं म्हणून मिस्तरींनी सगळे फ्यूज उपसले, टोपीत घातले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

मांडवात पाहुणे जमायला लागले. वकील बाहेर आले. "तू वायरमन आहेस का मास्तर?"

"शिकवूस्तवर मास्तर. मग वायरमन."

"मी दुसऱ्याला बोलावतो."

"बोलवा की. त्यो बी माझ्याच हाताखाली शिकलाय. टोपीत काय हाय ते त्याला दावतो."

एक पाहुणे पुढं आले, काहीतरी समजुतीचं बोलायला. मिस्तरी त्यांना म्हणाले, "पावणं, तुमी हळदीला आलाय, हळद लावा. फ्यूजच्या मधी पडू नका." आणि एवढ्यात आतून, पडद्यामागून, वकिलांच्या आईचा आवाज आला, "अरे, त्याला आत पाठव. मला शिकायचंय. नाहीतर उद्या तुम्ही सगळे कोर्टात, आणि आम्ही अंधारात." त्या म्हातारीनं सोवळ्यातच, लाकडी पाटावर उभं राहून फ्यूज बसवला. मिस्तरी हे सांगताना शेवटी नेहमी म्हणायचे, "माझ्याहून बरा बसवला." स्वतःपेक्षा दुसऱ्याला बरं म्हटलेलं त्यांच्या तोंडून मी एवढंच ऐकलं.

हे असं का, ते मला आक्कानंच सांगितलं. आमच्या अंगणात शेंगा फोडत बसलो होतो. आक्काच्या उजव्या हाताची दोन बोटं आत वळलेली होती, म्हणून ती शेंगा डाव्या हातानं फोडायची. मी बघते आहे हे तिनं बघितलं.

"खंडेनवमी हुती," ती म्हणाली. "घरात नवी वीज आलेली. गल्लीत कुणाकडं न्हवती, आमच्याकडं हुती. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. इळा पुजला, खुरपं पुजलं, त्याची पक्कड पुजली. मग म्हटलं, ज्याच्यावर आपलं पोट हाय त्या फळीला कसं इसरायचं? जमीन नुकतीच सारवलेली, ओली. हळदी-कुंकू पाण्यात कालवलं आणि बोटानं त्या फ्यूजच्या पांढऱ्या बाव्हल्यांना लावाय गेले. कालवलेलं कुंकू खालच्या पितळंला लागलं. पुढचं ठाव न्हाय. ह्यो घरात न्हवता. आला तवा मी भिंतीला पडलेली."

"मग?"

"मग काय? हात असा झाला. पोरगं रडलं लई. म्हणत हुतं, गावभर मालकास्नी सांगत फिरतो, हात लावू नका म्हणून, आणि तुला सांगायचं ऱ्हायलं. तुझ्याजवळच ती फळी दिवसभर असती आणि तुलाच सांगितलं न्हाय. तवापास्नं त्यानं ह्यो नियम काढला." तिनं शेंगांची टरफलं पदरानं झाडली. "मला म्हणतो, आक्का, तू शीक, तू वर कर, मग मला झोप लागंल. पण मला त्या फळीकडं बघवत न्हाय गं. आणि त्यानं शिकवाय सुरुवात केली की त्याचं तोंड असं हुतंय, की मलाच रडू येतं."

त्या दिवसापासून समोरचा कंदील मला वेगळा दिसायला लागला.

काही दिवसांनी खंडेनवमी आली. आत्याबाईंनी सकाळीच सोपा सारवून घेतला होता. पाटावर इळा, अडकित्ता, माझं शिवणाचं मशीन, ह्यांची सायकल भिंतीला लावलेली. आक्का झेंडूची फुलं द्यायला आली होती आणि उंबऱ्यात टेकली होती. मी आत नैवेद्याचं बघत होते. बाहेर आले तर आत्याबाई हातात वाटी घेऊन फळीकडं चाललेल्या. वाटीत कालवलेलं कुंकू, आणि त्यांचं बोट त्यात बुडवलेलं. पाय अनवाणी, ओल्या जमिनीवर.

उंबऱ्यातून आक्काच्या घशातून नुसताच आवाज आला, शब्द नाही.

मी ओरडले, "आत्याबाई, थांबा! हात लावायचा नाही!"

मी सासूवर ओरडले होते. ह्यांनी पेपरातून मान वर केली. आत्याबाई जिथल्या तिथं थांबल्या, बोट हवेतच. मी पाट ओढला, त्यावर चढले, हात पुसला आणि मेन खाली केला.

"अगं, पूजा करती मी," आत्याबाई रागानं म्हणाल्या.

"करू या. पण कोरड्या कुंकवानं, आणि बाहेरच्या लाकडाला. आणि मेन खाली असताना." मी चिमूटभर कोरडं कुंकू त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते माझ्या अक्षरांच्या शेजारी लाकडाला लावलं, एक झेंडू फळीच्या वरच्या कडेला ठेवला. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "घसा हाय की तुला." एवढंच. पुढं कधी त्या तो विषय काढून मला बोलल्या नाहीत.

मी मेन वर केला आणि वळले तर आक्का उंबऱ्यातून उठून अगदी जवळ आली होती. फळीकडं बघत होती. माझ्याकडं नाही, फळीकडं.

"त्यानंच शिकवलं न्हवं तुला?"

"हो."

"किती बारीक तार घालतीस तू?"

मी फडक्यात बांधलेली तार दाखवली. तिनं ती डाव्या हाताच्या बोटांत धरून बघितली.

"चल," ती म्हणाली. "मला दाव. त्यो घरी न्हाय तवर. आणि त्याला काय बोलायचं न्हाय."

त्यांच्या घरी फळीवर धुळीचा कणही नव्हता. आत कंदिलाचं काजळ छताला लागलेलं, पण फळी रोज पुसलेली दिसत होती. मेन खालीच होता. आक्का बराच वेळ पाटावर नुसती उभी राहिली. मग तिनं फ्यूज उपसला. डाव्या हातानं. वळलेली बोटं तिनं तारेवर दाबून धरली, आणि तिथं मला दिसलं की ती बोटं तार धरायला आपल्या बोटांपेक्षा घट्ट होती. पहिल्यांदा तिनं उलट्या बाजूनं गुंडाळली.

"काढा," मी म्हटलं.

ती हसली. "अगदी त्याच्यावानी बोलतीस की."

दुसऱ्यांदा बरोबर बसली. मेन मात्र तिनं तेव्हा वर केला नाही. "आज न्हाय," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी सोनं लुटून पुरुष घरोघर फिरत होते. मिस्तरी तर ज्या ज्या घरी त्यांनी दिवे लावले तिथं सोनं द्यायला जायचे आणि जाताजाता त्या घरच्या बायकांना "फ्यूज कसा हाय?" म्हणून विचारायचे, कुणी पाहुण्याची तब्येत विचारावी तसं. त्यांना उशीर होणार हे ठाऊक होतं. आक्कानं मला हाक मारली. मी गेले, पण उंबऱ्याच्या आत गेले नाही. तिनं हात पुसले, पाट घेतला. ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होती का लेकाचं, ते मला कळलं नाही. डाव्या हातानं तिनं मेन वर केला.

माजघरात टांगलेला तो दिवा लागला. इतकी वर्षं नुसता टांगलेला. आक्का त्याच्याकडं बघत पाटावरून उतरली आणि खाली बसून परात पुढं ओढली. पीठ मळायला घेतलं, जणू रोज असंच चाललंय.

मी माझ्या दारात परत आले तेवढ्यात मिस्तरी गल्लीत शिरले. हातात आपट्याची पानं, टोपी मागं सरकलेली. टपरीवाल्याला काहीतरी मोठ्यानं म्हणत होते. बोलता बोलता त्यांनी आपल्या घराकडं बघितलं आणि वाक्य तिथंच राहिलं. घरासमोर आले आणि उभे राहिले. उघड्या दारातून उजेड त्यांच्या पायांवर पडला होता.

पुढं मिस्तरी बरीच वर्षं गल्लीत होते, त्यांचं ओरडणं तसंच राहिलं. आता ते नाहीत. पण डोळे मिटले की मला ते तसेच दिसतात, हातात सोनं घेऊन स्वतःच्या दाराबाहेर थांबलेले.

"ये की आत," आक्का त्या संध्याकाळी आतून ओरडली. "का खांबावानी उभा हाईस? भाकरी गार हुतीया."

मिस्तरींनी मनगटानं डोळे पुसले. मग एक डोळा मिटला आणि आत, परातीकडं, बराच वेळ बघितलं.

"थांब जरा आक्का," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवशी कधी नव्हे इतका हळू होता. "बघू दे. तुझी सावली कुठं पडती ती बघू दे."